पुढच्या टीएसएचची तारीख कोण लिहिणार?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोरवा ही गावं लागतात. हा सगळा मुलूख मिठागरांचा. त्यामुळे इथे कुणाला थायरॉईड निघाला, की ‘मिठाच्या गावात, मासे खाणाऱ्या घरात हा कुठून आला?’ असं कुणी ना कुणी विचारतंच. शंका रास्त आहे. पण समुद्राचं पाणी आटवून काढलेल्या खडेमिठात आयोडीन नगण्य असतं, ते कारखान्यात वरून मिसळावं लागतं. कांग्रा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या अभ्यासातून त्याचा उपयोग दिसला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला आणि आयोडीनयुक्त मीठ हळूहळू घरोघरी पोचलं.

गळ्यावरचं गलगंड त्या मिठाने मागे हटलं. आज शहरी बायकांच्या रिपोर्टात निघणारा थायरॉईड मात्र बहुतेक वेळा निराळाच असतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. जपानचे डॉ. हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचं वर्णन केलं. मीठ बदलून तो जात नाही, वाटीभर जास्त कालवण खाऊनही नाही.

देशातल्या ८ शहरांत झालेली एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई होती, गोवाही होतं. ५ हजारांहून अधिक प्रौढांपैकी जवळपास ११ टक्क्यांची ग्रंथी मंदावलेली आढळली. त्यातल्या अनेकांना याचा पत्ताच नव्हता. नसणारच, कारण दमणूक, वाढतं वजन, गळणारे केस, बद्धकोष्ठ, लांबलेली पाळी आणि सगळ्यांना उकडत असताना वाजणारी थंडी, यातली प्रत्येक तक्रार ‘वयामुळे होतं’ म्हणून झटकता येते.

इलाज मात्र जुना आणि खात्रीचा आहे. १८९१ साली न्यूकॅसलच्या डॉ. जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. उपचार चालू राहिले आणि ती पुढे २८ वर्षं जगली. आता तेच काम लिव्होथायरॉक्सिनची इवलीशी गोळी करते. ती आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि तिचा रोजचा खर्च एका कटिंग चहापेक्षा कमी पडतो.

मग घोडं अडतं कुठे? चिठ्ठीवर.

चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, ‘५०’ हा आकडा असतो आणि खाली ‘चालू ठेवा’. तेवढ्यावर वर्ष निघून जातं. बाटली संपली की मेडिकलवाला ओळखीने दुसरी देतो. वास्तविक गोळीची पॉवर ठरवायला वजन, वय आणि हृदयाची तब्येत बघावी लागते. ग्रंथी पुरती बंद पडलेल्या प्रौढाला साधारणपणे किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला शंभराच्या आसपास. उलट, म्हाताऱ्या किंवा हृदयविकाराच्या माणसाची सुरुवात १२.५ किंवा २५ पासून सावकाश करतात. औषध रक्तात स्थिरावायला आणि मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीने त्याची दखल घ्यायला वेळ जातो, म्हणून पुढचा टीएसएच, म्हणजे त्या ग्रंथीच्या संप्रेरकाची रक्ततपासणी, ६ ते ८ आठवड्यांनी करायचा. पॉवर बदलली की पुन्हा तेच. आकडा बसला की मग वर्षातून एकदा पुरतं. ही तारीख चिठ्ठीवर नसेल तर उपचार अर्धाच झाला.

दुसरी गळती घरातली. मोरव्याहून रिक्षाने स्टेशन गाठून विरारहून आलेल्या भरगच्च लोकलमध्ये शिरणारी बाई डबे भरता भरता उभ्यानेच चहा पिते आणि त्याच घोटाबरोबर थायरॉईडची, कॅल्शियमची, रक्तवाढीची अशा सगळ्या गोळ्या एकदम गिळते. नेम एक दिवसही चुकत नाही, तरी रिपोर्ट सुधारत नाही. कारण कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच अडवतात, त्यांच्यात ४ तासांचं अंतर हवं. चहा-नाश्ताही गोळीनंतर अर्ध्या ते एका तासाने. हे न विचारता डॉक्टर पॉवर वाढवत राहतात. ज्यांना सकाळ जमतच नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर ३ तासांनी गोळी घ्यावी. नेदरलँड्समधल्या २०१० च्या चाचणीत रात्रीची गोळी सकाळच्यापेक्षा सरस ठरली होती. बाटली ओट्याच्या वाफेत किंवा न्हाणीघरात ठेवू नये. आपल्याकडची दमट हवा या गोळीला मानवत नाही.

केस गळतात म्हणून घेतलेलं बायोटिनही घोटाळा करतं. त्याने ग्रंथीचं काही बिघडत नाही, पण काही पद्धतींच्या तपासण्यांत आकडे खोटे येतात. रक्त देण्याआधी ते निदान २ दिवस बंद ठेवावं.

गोळी हवी तिथे नीट मिळत नाही आणि नको तिथे सर्रास मिळते, हेही सांगायला हवं. पॅकेजवाल्या तपासणीत टीएसएच ५ किंवा ६ आला, थायरॉक्सिन नॉर्मल आहे, तरी जन्मभराची गोळी गळ्यात पडते. असा आकडा काही आठवड्यांनी पुन्हा तपासला तर अनेकदा आपसूक खाली आलेला असतो. १० च्या वर गेला तर उपचाराकडे कल असतो, त्याखाली वय, लक्षणं, अँटिबॉडी आणि गर्भधारणेचा विचार बघून ठरवायचं. पासष्टीपुढच्या ७३७ लोकांवरच्या युरोपातल्या चाचणीत (२०१७) अशा सौम्य बिघाडाला गोळी देऊन थकवा किंवा इतर लक्षणं कमी झाली नाहीत. आणि जास्तीची गोळी निरुपद्रवी नाही. वयस्कांत तिने हृदयाचे ठोके बिघडतात, पाळी गेलेल्या बायकांची हाडं झिजतात.

गरोदरपणात मात्र थांबायला वाव नाही. पहिले काही आठवडे बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतं. आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईला दिवस राहिले की डोस बहुधा २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो, म्हणून कळताक्षणी डॉक्टर गाठायचे. एरवी साध्या थायरॉईडला फॅमिली डॉक्टर पुरेसा आहे. हृदयविकार सोबत असेल, गळ्यात गाठ लागत असेल किंवा वेळ पाळूनही आकडा हटत नसेल, तर हार्मोन्सचा तज्ज्ञ हवा. परळच्या केईएममध्ये त्याचा स्वतंत्र विभाग आहे.

डॉक्टरांच्या दाराशी रांग असते, हे मान्य. पण ‘पुढची तपासणी कधी?’ हा प्रश्न अर्ध्या मिनिटाचा आहे आणि तो विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. घरात थायरॉईडची बाटली असेल तर शेवटचा रिपोर्ट शोधून त्यावरची तारीख बघा. वर्ष उलटलं असेल, तर या आठवड्यातच रक्त देऊन या आणि रिपोर्ट दाखवताना पुढची तारीख डॉक्टरांच्या हाताने लिहून घ्या.