पाक थोडाच करा, बाटलीवर नाव लिहा

कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात आता कंपन्यांत काम करणारी तरुण कुटुंबं पुष्कळ आहेत. सुट्टीच्या रात्री मित्र जमतात. कुणीतरी मोबाइलवर बघितलेलं असतं. रम, लिंबू, मसाल्याचा पाक, चुरलेला बर्फ. याला टिकी कॉकटेल म्हणतात. परदेशी पाकाची बाटली महाग पडते, म्हणून घरीच पाक करायचा बेत ठरतो.

खुशाल करा. घरचा पाक ताजा असतो, आणि त्यात काय घातलं ते तुम्हाला माहीत असतं. मात्र गोड पाक आणि दारू एका घरात, एका फ्रिजमध्ये आली की काही गोष्टी जपाव्या लागतात. त्यासाठीच हे लिहितो आहे.

जे घेत नाहीत त्यांनी या पाकाच्या निमित्ताने सुरुवात करू नये. त्यांनीही पाक मात्र जरूर करावा. सरबतात तो उत्तम लागतो.

ही टिकी पेयं अमेरिकेतली. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये डॉन बीच यांनी रमची अशी पेयं विकायला सुरुवात केली. पुढे १९४४ मध्ये ओकलंडला ट्रेडर विक यांनी ‘माई ताई’ केलं. त्यात लिंबू आणि बदामाचा गोड पाक असतो. कॅरिबियन बेटांपैकी बार्बाडोसला ‘फलर्नम’ नावाचा पाक करतात. त्यात लिंबाची साल, आलं, लवंग, बदाम आणि साखर. वाचलंत ना? सगळं आपल्या डब्यातलं आहे. रमसुद्धा परकी नाही. आपल्याकडची बहुतेक रम साखर कारखान्याच्या मळीपासून होते, आणि ऊस तर भीमेच्या दोन्ही काठांना उभा आहे.

डॉन बीच यांची एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यांच्या ‘झॉम्बी’ नावाच्या पेयात तीन प्रकारची रम असे. ते एका गिऱ्हाइकाला दोनच ग्लास देत. धंदा करणारा माणूस स्वतःहून गिऱ्हाइकाला थांबवतो, यावरून काय ते समजा. गोड आणि आंबट चवीखाली रम लपते. जिभेला कळत नाही, पण अंगात ती पूर्ण जाते.

आता पाक.

साखर २०० ग्रॅम, पाणी १०० मिली. वाटीने घेऊ नका, काट्यावर तोला. वाटीभर साखर आणि वाटीभर पाणी यांचं वजन सारखं नसतं, आणि इथे वजनाला महत्त्व आहे. दालचिनीचे बोटभर दोन तुकडे, सहा लवंगा, पेरभर आलं, दोन लिंबांची साल. साल किसताना हिरवा भाग तेवढाच घ्या. पांढरा आला की पाक कडू होतो.

दालचिनी आणि लवंग कोरड्या तव्यावर जरा गरम करा. वास सुटला की उतरवा. खलबत्त्यात ओबडधोबड कुटा. पूड करू नका, पाक गढूळ होतो. दीडशे मिली पाण्यात मसाला आणि ठेचलेलं आलं पाच मिनिटं उकळा. गॅस बंद करा, लिंबाची साल घाला, झाकण ठेवा. वीस मिनिटांनी मलमलच्या कपड्यातून गाळा. गाळलेलं पाणी मोजा. शंभर मिलीपेक्षा कमी भरलं तर पाणी घालून शंभर करा. जास्त असेल तर आटवा. मग साखर घालून विरघळवा आणि एक चांगली उकळी येऊ द्या. शेवटी अर्धा चमचा लिंबाचा रस घाला, म्हणजे साखर खाली बसत नाही.

साधारण सव्वादोनशे मिली पाक होतो. एका ग्लासाला १५ मिली लागतो. म्हणजे पंधरा ग्लास. घराला एवढा पुष्कळ झाला. पातेलंभर करून ठेवायचा मोह टाळा. मसाल्याचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरतो, आणि मग उरलेला पाक कुणी घेत नाही.

साखर कमी घालू का, असं पुष्कळजण विचारतात. पाक साठवायचा असेल तर नको. फळांच्या सिरपमध्ये विरघळलेला घन भाग किमान ६५ टक्के असावा, असा आपल्याकडच्या अन्न मानकांचा नियम आहे. तेवढी साखर असली की जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही. साखर कमी झाली की पाक आंबतो. बाटलीत वायू साचतो आणि काचेची बाटली फुटू शकते. कमी गोड हवं असेल तर ग्लासात पाक कमी घाला. बाटलीतला पाक पातळ करू नका.

गुळाचा पाक रमबरोबर साखरेपेक्षा चांगला लागतो, असं माझं मत आहे. दौंड तालुक्यात केडगाव, राहू या बाजूला गुऱ्हाळं आहेत. हंगामात तिथे जा. गूळ घेताना पिवळ्या रंगावर भुलू नका. रस स्वच्छ करायला काही जण भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात, काही जण रंग उजळायला हायड्रॉस पावडर टाकतात. गुळव्याला तोंडावर विचारा. गडद, तांबूस गूळ बघायला साधा दिसतो, पण पाकाला तोच बरा.

काकवी मिळाली तर फारच छान. ती तर तयार पाकच. त्यात थोडं मसाल्याचं पाणी घाला आणि एक उकळी काढा.

मात्र गूळ आणि काकवी साखरेपेक्षा लवकर आंबतात. गूळ विरघळल्यावर गाळून घ्या, कारण त्यात चिपाडाचे तुकडे आणि माती असते. वर येणारा फेस काढा. हा पाक फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. वीज बराच वेळ गेली असेल तर आधी वास घ्या. बुडबुडे, फेस, आंबूस वास, यातलं काहीही दिसलं तर ओतून द्या. पुन्हा उकळून वापरू नका.

मसाल्यांबद्दल थोडं. जायफळ घालायचं तर चिमूटभरच. चमचा-दोन चमचे जायफळ पोटात गेलं तर माणूस आजारी पडतो. उलट्या, छातीत धडधड, भ्रम, असं सगळं होतं. चक्रीफूल ओळखीच्या मसालेवाल्याकडूनच घ्या, त्याच्यासारखी दिसणारी एक विषारी जात असते. बदामाचा पाक करणार असाल तर गोड बदामच घ्या. कडू बदामातून सायनाइड तयार होतं. पाहुण्यांत कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे का, ते आधी विचारा.

तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात लिंबू घातलेला पाक ठेवू नका. आंबटाने धातू उतरतो. स्टीलमध्ये करा, काचेत भरा. बाटली आणि झाकण दहा मिनिटं उकळून घ्या, पूर्ण कोरडं करा, आणि पाक गरम असतानाच भरा. ओला चमचा बाटलीत घालायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे वाचून बाकी विसरलात तरी चालेल.

काही जण पाक टिकावा म्हणून त्यात रम ओतून ठेवतात. घरात लहान मूल असेल तर हे करू नका. फ्रिजमध्ये एका दारात आल्याचं सरबत आणि रम घातलेला पाक शेजारी उभे असतात. रंग एक, वास गोड. शाळेतून तहानलेलं मूल येतं आणि हाताला लागेल ती बाटली उघडतं. लहान मुलाच्या रक्तातली साखर थोड्या दारूनेही झपाट्याने उतरते, आणि मूल बेशुद्ध पडू शकतं. असं कधी झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

म्हणून पाक बिनदारूचाच ठेवा. रम ग्लासात घाला. रमची बाटली कुलुपात, वरच्या फळीला. पाकाच्या बाटलीवर कागद चिकटवा. काय आहे आणि कोणत्या तारखेचं आहे, मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. आजी-आजोबांना वाचता आलं पाहिजे. रमच्या रिकाम्या बाटलीत सरबत भरायची सवय असेल तर आजच सोडा. एकदा मुलाने त्या बाटलीतून गोड प्यायलं की पुढच्या वेळी तो भरलेल्या बाटलीलाही हात घालेल.

बर्फाचंही बघा. टिकीला चुरलेला बर्फ भरपूर लागतो, म्हणून लोक लादी आणतात. २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम आहे. पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचा, असंही धरून चालू नका. पाणी उकळून गार करा आणि घरच्या फ्रिजमध्ये बर्फ करा. कपड्यात गुंडाळून लाटण्याने चेचा. काम भागतं.

ग्लासात काय घालायचं? रम ४५ मिली, ताज्या लिंबाचा रस २० मिली, पाक १५ मिली. झाकणाच्या बरणीत बर्फासह जोरात हलवा आणि चुरलेल्या बर्फावर ओता. शिरूर भागात डाळिंब चांगलं मिळतं. त्याचा रस चमचाभर घातला तर रंग आणि आंबटपणा दोन्ही येतात. प्रत्येक वेळी मापाने घाला. हाताने ओतली की तिसऱ्या ग्लासाला माप दुप्पट झालेलं असतं.

आपल्याकडच्या रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिली रम शरीरातून जायला दोन-तीन तास लागतात. लिंबू, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही ते लवकर होत नाही. बर्फ वितळला, ग्लास गोड लागला, म्हणून दारू हलकी झाली असं होत नाही.

पाकातही १५ मिलीला जवळजवळ तीन चमचे साखर असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला दुहेरी त्रास. आधी साखर वाढते, आणि दारूमुळे रात्री झोपेत एकदम उतरू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर बाईने अजिबात नको. कुणी नाही म्हणालं तर आग्रह करू नका. त्याच्या हातात त्याच पाकाचा, लिंबू-सोड्याचा ग्लास द्या. दिसायला सारखाच दिसतो, आणि पाहुणाही मजेत बसतो.

रम परवानाधारक दुकानातूनच घ्या. हातभट्टीची किंवा स्वस्तात मिळालेली सुटी दारू मसाल्याच्या पाकात घालून चव मारायचा विचार मनातही आणू नका. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. मिथेनॉलचं विष चवीने ओळखता येत नाही, आणि मसाल्याखाली तर मुळीच नाही.

महाराष्ट्रात रमसारखी दारू घ्यायला वय २५ पूर्ण लागतं. परवानाही लागतो. कंपनीत नव्याने लागलेली एकवीस-बावीस वर्षांची मुलं तुमच्याकडे येतात, त्यांना देऊ नका.

आणि पुणे-अहिल्यानगर रस्ता तुम्हाला माहीत आहे. कंटेनर, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, घरी वाट बघणारी माणसं असतात. पाहुण्यांना झोपायला गादी घाला. ३१ डिसेंबरच्या रात्री तर विशेष जपा. दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाजवळच्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात, आदल्या रात्रीपासून रस्त्यावर पायी माणसं असतात. त्या दोन दिवसांत प्रशासनाचे जे आदेश निघतात ते पाळा. बाटली बंदच ठेवा. दारावरून जाणाऱ्यांना गरम पाण्यात आलं-दालचिनीचा हाच पाक आणि लिंबू घालून द्या. थंडीत घशाला बरं वाटतं.

बचत गटाच्या बायकांनाही सांगतो. या पाकाला गिऱ्हाईक आहे. लोणची-पापडांबरोबर छोट्या बाटल्या ठेवून बघा. विकायच्या आधी अन्न सुरक्षेची नोंदणी करा, ती छोट्या व्यवसायालाही लागते. बाटलीवर घटक, तारीख आणि पत्ता लिहा. त्यात दारू मिसळून विकू नका, तो गुन्हा आहे. सुरुवात दहा-बारा बाटल्यांनी करा. त्या संपल्या, कुणाची तक्रार आली नाही, की मग पुढचं पातेलं चढवा.