संरक्षक कठडा कोणाचे रक्षण करतो?

महामार्गावरील कठडा जीव वाचवण्यासाठी उभारला जातो, याबद्दल दुमत नाही. भरकटलेले वाहन समोरून येणाऱ्या वाहनांवर जाऊ नये किंवा दरीत कोसळू नये, हे त्याचे कार्य. मात्र त्याची रचना मुख्यतः चारचाकी वाहन डोळ्यांसमोर ठेवून झालेली असते. मोटारीला बसलेला धक्का तिचा पत्रा सोसतो. दुचाकीस्वाराला तो स्वतःच्या देहावर सोसावा लागतो. घसरलेला स्वार पट्टीखालून सरकून लोखंडी खांबावर आदळतो, हा खरा धोका आहे.

या संदर्भात स्वीडनचा अनुभव बोलका आहे. १९९७ साली तेथील संसदेने रस्त्यावर एकही बळी जाऊ नये, हे धोरण स्वीकारले आणि १९९८ पासून तीन पदरी रस्त्यांच्या मध्यभागी पोलादी दोरांचे कठडे उभारले जाऊ लागले. हे दोर आम्हांला कापून काढतील, अशी दुचाकीस्वारांची तक्रार होती. परंतु २००९ च्या मूल्यमापनात अशा रस्त्यांवरील एकूण मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी, तर दुचाकीस्वारांच्या मृत्यूचा धोका ४० ते ५० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. समोरासमोरची टक्कर टळल्याचा लाभ त्यांनाही मिळाला. पण तो इतरांहून कमी होता, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे ही तफावत अधिक गंभीर ठरते. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. म्हणून तेथील कठड्याचा निकष वसईतून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तेथून आपली कितीतरी मुलेमुली रोज दुचाकीने कामाला जातात.

म्हणून कठडे काढून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र धोक्याच्या वळणांवर मुख्य पट्टीखाली जमिनीलगत आणखी एक पट्टी बसवून खांब झाकावेत. स्पेन, फ्रान्स येथे ही पद्धत रूढ आहे. खर्च वाढेल, हे खरे. परंतु रस्त्यावर ज्यांची संख्या मोठी आणि ज्यांच्या देहाला कसलेच कवच नाही, त्यांना नियोजनात शेवटचे स्थान देणे न्यायाचे नाही. स्वारांनीही हेल्मेट आणि वेगमर्यादा यांबाबत हयगय करू नये. घरी वाट पाहणाऱ्यांचे हे देणे आहे.