घर असल्याचा पुरावा

यंदाच्या अंकाचा विषय स्थलांतर आहे. स्थलांतराच्या कथेत बोटीवर चढतो तो पुरुष. मागाहून आलेली त्याची बायको एखाद्या ओळीत उरकली जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनचा इतिहास तसा वाचला, तर त्यातलं मुख्य सूत्रच हातचं जातं.

१८९० च्या खानेसुमारीत अमेरिकेतल्या चिनी लोकांमध्ये शंभरी चार बायकाही नव्हत्या. सून सासरीच राहावी ही रीत होती, प्रवासाचा खर्चही होता. पण दाराला कडी घातली ती कायद्याने. १८७५ च्या पेज कायद्यात बंदी होती ती वेश्याव्यवसायासाठी आणल्या जाणाऱ्या स्त्रियांना. प्रत्यक्षात हाँगकाँगच्या अमेरिकी वकिलातीत घरंदाज बायकांनाही आपलं चारित्र्य सिद्ध करावं लागे. १८८२ मध्ये मजुरांना बंदी आली आणि मजुराची बायकोही त्याच बंदीत धरली गेली. व्यापाऱ्याच्या बायकोला वाट होती, पण १९१० पासून ती एंजल आयलंड बेटावरच्या तपासणी ठाण्यातल्या चौकशीतून जाई. गावातल्या घराला पायऱ्या किती, विहीर कुठे, तांदळाचं भांडं कुठल्या खोलीत? नवऱ्याला तेच प्रश्न वेगळे विचारत. उत्तरं जुळली नाहीत तर परतीची बोट. संसार खरा आहे हे तांदळाच्या भांड्याच्या जागेवरून ठरवणारी ही व्यवस्था क्रूर होती, असंच म्हणावं लागेल.

याच सॅन फ्रान्सिस्कोत मेरी टेप राहत होती. लहानपणी चीनहून आलेली, निराधारांच्या आश्रमात वाढलेली, चित्रं आणि फोटो काढणारी. १८८४ मध्ये तिच्या आठ वर्षांच्या मुलीला, मेमीला, स्प्रिंग व्हॅली शाळेने प्रवेश नाकारला. टेप दांपत्य कोर्टात गेलं आणि १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही जिंकलं. तेव्हा विधिमंडळाने चिनी मुलांसाठी वेगळ्या शाळेची तरतूद करून टाकली. मेरीने शिक्षण मंडळाला संतापून पत्र लिहिलं : तुमच्या त्या चिनी शाळेत माझी मुलगी कधीही पाऊल टाकणार नाही. शेवटी मेमीला त्याच शाळेत जावं लागलं. तरीही त्या पत्राचं मोल माझ्या लेखी निकालाहून मोठं आहे. एका आईने सरकारला जाहीर जाब विचारला होता.

त्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टरकीचा अभ्यास करत होत्या. एकट्यादुकट्या पाहुणीचं कौतुक करणारा तोच देश वस्ती करून राहू पाहणाऱ्यांच्या लेकरांना शाळेबाहेर ठेवत होता. पुढे १९१७ च्या कायद्याने भारतीयांनाही दार बंद झालं.

१८८२ चा तो चिनी बहिष्काराचा कायदा १९४३ मध्ये उठला. तोवर कित्येक जोडपी समुद्राच्या दोन तीरांवर म्हातारी झाली होती.

वाचकहो, आपल्या घरातल्या ज्या बायका परमुलखात जाऊन राहिल्या, त्यांची पत्रं, फोटो, सांगितलेल्या हकिकती आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात त्यांच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.