लार्ड आणि लॉर्ड

इंग्रजीच्या तासाला ‘लार्ड’ म्हणजे डुकराची चरबी असे सांगितले की वर्गात हशा पिकतो. त्यात हसण्यासारखे काय आहे?

हा शब्द लॅटिन ‘लार्डुम’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. खारवलेले डुकराचे मांस ठेवण्याची खोली ती ‘लार्डर’. पुढे साहेबाचे सगळेच कोठीघर लार्डर झाले. कोरड्या मांसात चरबीच्या पट्ट्या खोवतात, त्यावरून भाषणात अवतरणे पेरण्यालाही हेच क्रियापद लागले. (आमच्या काही गुरुजनांनी राग मानू नये!) ‘लॉर्ड’शी मात्र त्याचे नाते नाही, तो मूळचा भाकरीचा राखणदार.

म्हणजे इंग्रजीत चरबी मानाने नांदली. आपल्याकडे फारसीतून आलेली ‘चरबी’ अंगात चढली की माज ठरते आणि डुकराची म्हटली की १८५७ची काडतुसे आठवतात. पण नांदेड-लातूरकडे गावकुसाबाहेरच्या चुलीवर डुकराचे मांस शिजत आले आहेच. त्या चुलीचे शब्द कोणी शिकवले? चान्या म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, हे वर्गात कितीजण मोकळेपणी सांगतील? शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातील महार-मांगांचा स्वयंपाक पाककृतींसह छापील पानावर आणला. आपल्या मराठी विभागाने सुटीत विद्यार्थ्यांना आपापल्या आजीकडे पाठवून असे शब्द जमवावेत.

ज्यांच्या घरी हे शिजते तीच मुले त्या हशात सर्वांत मोठ्याने हसतात, हे मला अधिक बोचते.