इसाराआधी बँकेची पायरी

जालन्यात घर घेण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो: घर पसंत पडतं, इसारपावती होते आणि मग बँकेची शोधाशोध सुरू होते. हा क्रम उलटा हवा. पावतीवर खरेदीखताची मुदत पडली की घासाघीस करायची ताकद गेलीच. जी बँक आधी पैसे देईल तिचाच दर गोड मानावा लागतो. २५ लाख रुपये २० वर्षांसाठी घेतले, तर साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २१,७०० रुपये आणि नऊ टक्क्यांनी २२,५०० रुपये बसतो. महिन्याचे आठशे किरकोळ वाटतात, पण २४० हप्त्यांत ते एक लाख नव्वद हजारांवर जातात. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं कर्ज किमतीच्या ९० टक्क्यांपलीकडे मिळत नाही. गुंठेवारीतला, नियमित न झालेला प्लॉट असेल तर अनेक बँका फाईलच घेत नाहीत. इसार मोजून झाल्यावर हे कळून काय उपयोग?

घर ठरल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही, असं लोक म्हणतात. तसं नाही. उत्पन्नाच्या कागदांवर तत्त्वतः मंजुरी मिळते, मालमत्तेची तपासणी मागाहून होते. चार ठिकाणी गेलं की सिबिल घसरतो ही भीती अर्धीच खरी. नोंद अर्जाची होते, नुसत्या विचारपुशीची नाही. ‘पुढे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवू’ हा मुद्दा मात्र वजनदार आहे, कारण बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. पण नवी प्रक्रिया फी, वकिलाचा शोध अहवाल, गहाणाचं मुद्रांक शुल्क पुन्हा खिशातूनच जातं.