विंडो एसी की सेंट्रल कूलिंग? आधी खोल्या मोजा, मग टन!

उन्हाळा जवळ आला की नवा फ्लॅट घेणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो. खोलीपुरता विंडो एसी बसवायचा, की फॉल्स सीलिंगमध्ये डक्ट टाकून अख्खं घर थंड करायचं? इंटिरियरवाला दुसऱ्या पर्यायाकडे झुकतो, कारण भिंतीवर काही दिसत नाही. पण एसी हा शोभेचा नव्हे, बिलाचा आणि झोपेचा विषय आहे.

फरक नेमका काय?

विंडो एसीत कॉम्प्रेसर, कॉइल, पंखा असं सगळं एकाच डब्यात असतं. गॅस कारखान्यातच भरून सील केलेला असतो. त्यामुळे घरी पाइप जोडणं नाही आणि जोडातून गळतीची भीतीही कमी. सेंट्रल पद्धतीत एक मोठं यंत्र डक्टमधून सगळ्या खोल्यांना गार हवा देतं. व्हीआरएफ हा त्याचाच सुधारित चुलतभाऊ. बाहेर एक युनिट, आत प्रत्येक खोलीत वेगळं युनिट आणि वेगळा रिमोट.

गणित करून पाहू

१ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, अर्थात साधारण ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता. दीड टनाचा विंडो एसी पूर्ण क्षमतेने चालला, तर तासाला दीड युनिटच्या आसपास वीज घेतो. थ्री बीएचकेसाठी ५ टनांची डक्ट यंत्रणा धरली, तर हाच आकडा साडेपाच-सहा युनिटवर जातो. कॉम्प्रेसर थांबत-थांबत चालतो, म्हणून प्रत्यक्षात दोन्हींचे युनिट कमी भरतील. पण रात्री एकाच बेडरूममध्ये माणसं झोपलेली असताना रिकामा हॉलही गार करायचा, तर त्या गारव्याचे पैसे कोण भरणार?

महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत. टप्पा ओलांडला की सगळं बिल महाग होत नाही, फक्त वरच्या युनिटना चढा दर लागतो. तरीही खर्च वाढतो तो नेमका याच वरच्या युनिटमध्ये.

मग सेंट्रल कधी घ्यावं?

दिवसभर तीन-चार खोल्या वापरात असतील, घरात वृद्ध आणि वर्क फ्रॉम होम करणारे दोन्ही असतील, तर व्हीआरएफचा विचार जरूर करा. विंडो एसीच्याही अडचणी आहेत. त्याचा आवाज खोलीतच येतो, खिडकीतला उजेड जातो. अनेक नव्या टॉवरमध्ये तर स्लायडिंग खिडक्यांमुळे तो बसवायला जागाच नसते. तिथे इन्व्हर्टर स्प्लिट हा मधला मार्ग आहे.

बिल्डर ‘सेंट्रल एसी’ म्हणत असेल, तर तीन प्रश्न विचाराच: प्रत्येक खोली स्वतंत्र बंद करता येते का? कूलिंगचं मीटर प्रत्येक फ्लॅटला वेगळं आहे का? दुरुस्तीसाठी सीलिंग फोडावं लागेल का? पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर पुढची बोलणी थांबवलेली बरी.

आमचं मत

टू बीएचकेत राहणाऱ्या, रात्री एक किंवा दोन खोल्या गार करणाऱ्या कुटुंबाला सेंट्रल कूलिंगची गरज नाही. ११ महिन्यांच्या करारावर भाड्याने राहणाऱ्यांसाठी तर विंडो एसीच सोयीचा. घर बदललं की डबा उचलायचा आणि निघायचं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दिवसा कूलर आणि रात्री एसी ही जोडी स्वस्त पडते. मुंबईच्या दमट हवेत मात्र कूलरचा उपयोग नाही.

आणखी एक. जानेवारी २०२० पासून नव्या रूम एसीचं डिफॉल्ट तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान १ अंशाने वाढवलं, की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १८ वर लावून गोधडी पांघरण्यापेक्षा २५-२६ वर एसी आणि सोबत पंखा लावा. वरच्या मजल्यावर राहत असाल, तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आधी. त्यानंतरच किती टन लागतील ते ठरवा, कदाचित कमीत भागेल.