पुलाचे वय वर्षांत मोजू नये

रायगड जिल्ह्यातल्या मोहोपाड्यावरून पाताळगंगा एमआयडीसीकडे जाणाऱ्या वाहतुकीत एकसारखे काहीच नसते. भरलेले टँकर, परतीचे रिकामे ट्रेलर, कामगारांच्या बस, रिक्षा. वजन वेगळे, वेग वेगळा, खड्ड्यात चाक आदळले तर धक्का त्याहून वेगळा. अशी वाहतूक पुलाच्या पोलादी तुळईवरून गेली की तिच्यातला ताण अनियमितपणे वर-खाली होतो. एकही गाडी तिला मोडण्याइतकी जड नसते, तरी लाखो हेलकाव्यांनंतर वेल्डच्या कडेला बारीक चीर पडते आणि वाढत जाते. हाच धातूचा थकवा. आपली स्ट्रक्चरल ऑडिट मात्र मुख्यतः पुलाची वर्षे आणि गंज पाहतात. पोलादी पुलाने किती ओझे सोसले, याचा हिशेब कुणी ठेवत नाही, आणि तो ठेवायलाच हवा.

हा हिशेब अवघड आहे, अशक्य नाही. ताण कमी तर भाग जास्त हेलकावे सोसतो, हे ऑगस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकातच रेल्वेच्या आसांवर दाखवले. प्रत्येक हेलकावा आयुष्याचा एक वाटा खातो आणि वाट्यांची बेरीज एक झाली की भाग निकामी धरावा, हा नियम मायनर यांनी 1945 मध्ये मांडला. वेड्यावाकड्या नोंदीतून हेलकावे वेचण्याची ‘रेनफ्लो’ पद्धत मात्सुइशी आणि एंडो या जपानी संशोधकांची, 1968ची. हे नाव पॅगोडाच्या छपरांवरून ओघळणाऱ्या पावसावरून पडले. आता आकडे पाहा. 2018 मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसावरचा परवानगीचा भार 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेला. वाढ 13 टक्क्यांची. वेल्डच्या जोडांतली झीज मात्र साधारणपणे ताणाच्या तिसऱ्या घाताने वाढते, म्हणजे अशा प्रत्येक भरलेल्या आसामागे सुमारे 43 टक्क्यांनी. वजन वाढले तेवढ्या फेऱ्या घटल्या असे धरले, तरी 27 टक्के वाढ उरतेच. आणि यात बेकायदा जादा भार धरलेलाच नाही.

यावर कुणी म्हणेल, 2 ऑगस्ट 2016 रोजी महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, थकव्याने नाही. खरे आहे. दगडी कमानींच्या तपासण्या वेगळ्या. प्रश्न पोलादी तुळया, वेल्डचे जोड आणि केबल यांचा आहे, आणि खालापूर तालुक्यातल्या खोपोलीपासून निघणाऱ्या, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’वर केबल-स्टेड पूल आहे, जिथे दरीतला वारा गाड्यांइतकाच बेभरवशाचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मायनरचा नियम ढोबळ आहे. कोणता भार आधी आला आणि कोणता नंतर, हे तो पाहत नाही. काही भाग बेरीज एक होण्याच्या बऱ्याच आधी तुटतात, काही त्यानंतरही टिकतात. पण यावरून एवढेच ठरते की बारीक तपासणी बेरीज एकच्या पुष्कळ अलीकडे सुरू करावी. मापनच सोडून द्यावे, असे नव्हे. उरला खर्च. मोजक्या जोडांवर काही आठवडे स्ट्रेन गेज लावणे हे पूल बदलण्याच्या मानाने किरकोळ काम आहे, आणि ते सगळ्याच पुलांवर करायचे नाही.

वजनांसाठी तर नवी यंत्रणाही नको. माल भरलेली गाडी वजनकाट्यावर चढल्याशिवाय सहसा कारखान्याबाहेर पडत नाही. कंपनी आणि मालाचे नाव वगळून हे आकडे दर महिन्याला सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेले, तर ऑडिटच्या अहवालात ‘वापरलेले आयुष्य’ असा एक रकाना वाढवता येईल.